उठवत नाही

टॉवेल खांद्यावर, पाय जमिनीला टेकलेले आणि मी पलंगाच्या कडेवर बसलेली. आंघोळीला निघाले होते. बादलीत कढत पाणी काढून ठेवलं होतं, बदलायचे कपडे आत नेऊन ठेवले होते. उठून आत जायचं तेवढं बाकी होतं. चाळीस मिनिटांनी पाण्यात बोट घालून पाहिलं तर ते गार. आता ते ओतायचं, पुन्हा भरायचं, म्हणजे आणखी एक काम. टॉवेल खुर्चीवर टाकला आणि आडवी झाले.

त्या चाळीस मिनिटांत डोक्यात काय चाललं होतं, असं पुढे बऱ्याच जणांनी विचारलं. काहीच चाललं नव्हतं. रडत नव्हते, कुढत नव्हते. समोरच्या स्विचबोर्डाकडे बघत होते. त्याला सहा बटणं आहेत, चौथ्याचा कोपरा उडालाय.

मी मुद्रितशोधनाचं काम करते. दुसऱ्यांची वाक्यं तपासण्यात दिवस जातो, त्यामुळे स्वतःला काय होतंय हे कळण्याआधी त्यातलं व्याकरण दिसलं. 'मी उठत नाही' आणि 'मला उठवत नाही' ही दोन निराळी वाक्यं आहेत. पहिल्यात कर्ती मी, ठरवून पडून राहिलेली. दुसऱ्यात ठरवलेलं सगळं आहे, फक्त क्रिया घडत नाही. शाळेच्या व्याकरणात याला शक्य क्रियापद म्हणायचे: चालवतं, बघवतं, करवतं. घरचे माझ्याबद्दल पहिलं वाक्य बोलत होते आणि मी दुसरं जगत होते. आई फोनवर मावशीला सांगायची, "हल्ली उठतच नाही गं ही." आतल्या खोलीतून मी मनातल्या मनात खूण करायचे, उठ'व'त नाही. व पडलाय.

घरात यासाठी शब्द ठरलेला होता, आळस. आणि त्याला पुरावाही होता. ताईच्या मुलाला एकदा रात्री सणसणून ताप चढला, तेव्हा मी दहा मिनिटांत तिच्याकडे पोचले होते आणि पहाटेपर्यंत त्याच्या कपाळावर पट्ट्या ठेवत बसले होते. "तेव्हा बरं उठवलं!" आई म्हणाली. माझ्याकडे उत्तर नव्हतं. उलट मलाच शंका यायला लागली की आपण नाटक तर करत नाही ना.

पहिल्यांदा ज्या डॉक्टरांकडे गेले त्यांनी थायरॉइड, बी-१२, हिमोग्लोबिन असं सगळं तपासून घेतलं. ते करायलाच हवं होतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण सगळं नॉर्मल आल्यावर कागद परत देताना ते म्हणाले, "काही नाहीये तुम्हाला. मन रमवा जरा." मन रमत नाही म्हणून तर आले होते! त्या एका वाक्यापायी पुढचे तीन महिने मी कुठेच गेले नाही.

शेवटी ताईने मानसोपचारतज्ज्ञांची वेळ घेतली आणि मला धरून नेलं. बाहेर बसलेलो असताना एक कागद भरायला दिला, नऊ प्रश्नांचा. गेल्या दोन आठवड्यांत अमुक त्रास किती दिवस झाला, शून्य ते तीन गुण. दुसरा प्रश्न उदास, निराश वाटण्याचा होता. तिथे मी प्रामाणिकपणे एक लिहिला. पण त्याच्याआधीचा, अगदी पहिला प्रश्न होता तो कशात रस न वाटण्याचा, काही करण्यात आनंद न वाटण्याचा. तो वाचून मी ताईकडे बघितलं. मला वाटलं होतं डिप्रेशन म्हणजे रडणं. आत गेल्यावर कळलं की निदानासाठी उदासपणा असलाच पाहिजे असं नाही. उदास मन किंवा रस संपणं, या दोहोंपैकी एक हवंच, आणि त्याच्या जोडीला झोप, भूक, थकवा, एकाग्रता वगैरेंपैकी बाकीची लक्षणं. माझे २७ पैकी १७ गुण झाले. मध्यम आणि तीव्र यांच्या मधली पायरी.

नववा प्रश्न मरणाच्या विचारांचा असतो. डॉक्टरांनी तो कागदावर सोडला नाही, तोंडानेही विचारला, सरळ, आवाज न बदलता. मी म्हटलं, मरावंसं वाटत नाही, पण सकाळी जागच आली नाही तर माझी हरकत नसेल. त्यांनी ते लिहून घेतलं आणि मला विचारून ताईलाही आत बोलावून सांगितलं. ताईचा चेहरा मी तेव्हा पाहिला नाही. मुद्दामच पाहिला नाही.

मग आंघोळीचा विषय निघाला.

"बरं, एकदा आत गेल्यावर कसं वाटतं?"

"आत जाववतच नाही हो."

"पण ज्या दिवशी जाता, त्या दिवशी? पाणी अंगावर पडल्यावर?"

मी विचार केला. "छान वाटतं. मग बाहेर यावंसं वाटत नाही."

त्यांचं पेन थांबलं. "हे फार कामाचं सांगितलंत," एवढंच म्हणाले. का, ते कळायला मला अडीच महिने लागले.

पहिली गोळी एस्सिटालोप्रॅम. ही सेरोटोनिन या मेंदूतल्या रसायनाच्या वाटेने काम करणारी. पहिला आठवडा मळमळ, जांभया. चौथ्या आठवड्याच्या आसपास छातीतली धडधड थांबली, रात्री तीनला येणारी जाग थांबली. आई म्हणाली चेहरा निवळला. खोटं नव्हतं ते. पण टॉवेल खांद्यावर टाकून बसणं चालूच होतं. फरक इतकाच की आता बसल्याबद्दल वाईटही वाटत नव्हतं. सगळं एका पातळीवर आल्यासारखं, सपाट. एका पुस्तकाचं काम मी पाच आठवडे ठेवून दिलं होतं. प्रकाशकांचा रागावलेला फोन आला, तो मी शांतपणे ऐकला आणि शांतपणे पुन्हा आडवी झाले.

त्या दिवसांत फोनवर डोपामाइनचा सुळसुळाट होता. सुखाचं रसायन, मोबाइलने संपवलेलं रसायन, एक दिवस सगळं बंद ठेवा की टाकी पुन्हा भरेल. मीही केलं ते 'डीटॉक्स'. रविवारी फोन कपाटात ठेवला, पुस्तक नाही, गाणी नाही, आणि दिवसभर भिंतीकडे बघत बसले. संध्याकाळी लक्षात आलं की हे तर मी गेले आठ महिने फुकट करतेय.

पुढच्या भेटीत मी तावातावाने (माझ्या तेव्हाच्या मानाने तावातावाने) विचारलं, माझं डोपामाइन मोजून द्या. डॉक्टर हसले नाहीत, हे त्यांचं मोठेपण. रक्तातलं डोपामाइन मोजता येतं, म्हणाले, पण त्यावरून मेंदूतलं कळत नाही. रक्त आणि मेंदू यांच्यामधला अडसर ते ओलांडू शकत नाही. आणि मेंदूतसुद्धा ते टाकीतल्या पाण्यासारखं नसतं की पातळी बघितली आणि भरलं. मेंदूत सुमारे ८६ अब्ज चेतापेशी, त्यांतल्या डोपामाइन बनवणाऱ्या मध्यमेंदूतल्या पेशी काही लाखच. त्या कधी फुटतात, म्हणजे विजेचा संकेत सोडतात, किती वेगाने, कुठल्या भागात, यावर सगळं. हालचालींसाठीची वाट वेगळी, आणि एखादी गोष्ट मिळवण्यासाठी उठावं की नाही याचा हिशोब जिथे होतो तिथली वाट वेगळी.

"आणि सुखाचं रसायन हे नाव जरा चुकलंय," ते म्हणाले. मग त्यांनी उंदरांची गोष्ट सांगितली. मी ती नंतर शोधून नीट वाचली.

१९८०च्या दशकाच्या शेवटी केंट बेरिज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांच्या मेंदूतलं डोपामाइन जवळजवळ पूर्ण नष्ट केलं. असे उंदीर समोर खाणं असून खात नाहीत, भरवलं नाही तर उपाशी मरतात. सुख वाटणं संपलं असं कुणीही म्हणेल. पण त्यांच्या जिभेवर साखरेचं पाणी सोडलं की ते अगदी पूर्वीसारखे ओठ चाटायचे. गोडी शाबूत होती, गोडीपर्यंत जाणं संपलं होतं. बेरिज यांनी यालाच 'आवडणं' आणि 'हवंसं वाटणं' अशा दोन वेगळ्या गोष्टी म्हटलं, आणि डोपामाइनचा संबंध मुख्यतः दुसरीशी जोडला.

पाणी अंगावर पडल्यावर छान वाटतं. पेन का थांबलं होतं ते तेव्हा कळलं.

दुसरा प्रयोग मला त्याहून जवळचा वाटला. जॉन सालामोन यांनी उंदरांना दोन वाटा दिल्या. एकीकडे जास्त खाणं, पण मध्ये चढून जावी लागेल अशी जाळीची भिंत. दुसरीकडे थोडं खाणं, वाट मोकळी. एरवी उंदीर भिंत चढतात. मेंदूतल्या न्यूक्लियस अ‍ॅक्युम्बन्स नावाच्या भागातलं डोपामाइन कमी केलं की ते मुकाट्याने थोड्या खाण्याकडे वळतात. आता गंमत पुढे आहे. मोकळ्या वाटेवर काहीच ठेवलं नाही, खाणं फक्त भिंतीपलीकडेच ठेवलं, की तेच उंदीर भिंत चढतात. म्हणजे पायांत बळ होतं, भूक होती, चढताही येत होतं. फक्त जेव्हा निवड असते, कष्ट आणि फळ यांचा सौदा करायचा असतो, तेव्हा कष्टाचं वजन भलतंच जास्त भरतं.

हे मी आईला वाचून दाखवलं. भाच्याच्या तापाच्या रात्री दुसरी वाट नव्हती आई, म्हणून उठवलं. रोजच्या आंघोळीला पलंगाची वाट मोकळी असते. आई बराच वेळ गप्प बसली, मग म्हणाली, "उंदरांना कशाला त्रास देतात मेले." पण त्यानंतर 'आळस' हा शब्द आमच्या घरात मी ऐकला नाही.

माणसांवरही असा प्रयोग झालाय, मायकेल ट्रेडवे यांचा. पडद्यावर दोन पर्याय येतात. सोपा: रोजच्या हाताच्या तर्जनीने सात सेकंदांत ३० वेळा बटण दाबा, थोडे पैसे. अवघड: दुसऱ्या हाताच्या करंगळीने २१ सेकंदांत १०० वेळा, जास्त पैसे. डिप्रेशन असलेली माणसं अवघड पर्याय कमी वेळा घेताना दिसली. मी टेबलावर डाव्या करंगळीने करून बघितलं. साठच्या पुढे करंगळी माझी राहिली नाही. पण करून बघावंसं वाटलं, हीच त्या महिन्यातली मोठी बातमी होती.

खोलात गेल्यावर एक मजेशीर धागा सापडला. हे सगळं सुरू होतं ते आपल्या सर्पगंधेपासून. तिच्यातून काढलेलं रेसर्पिन रक्तदाबावरचं औषध म्हणून गाजलं. रुस्तम जाल वकील यांनी १९४९ साली सर्पगंधेच्या रक्तदाबावरच्या उपयोगाचा लेख ब्रिटिश नियतकालिकात छापला आणि जगाचं लक्ष तिकडे गेलं. हेच रेसर्पिन मेंदूतले मोनोअमाइन (डोपामाइन, सेरोटोनिन त्याच कुळातले) रिकामे करतं, आणि ते घेणारे काही रुग्ण खिन्न होतात असं डॉक्टर सांगू लागले. (किती जण आणि खरंच औषधानेच का, यावर पुढे बराच वाद झाला.) स्वीडनमध्ये अर्विद कार्लसन यांनी रेसर्पिन दिलेले ससे कान पाडून निपचित बसलेले पाहिले आणि १९५७ मध्ये त्यांना एल-डोपा टोचलं, ज्यापासून शरीर डोपामाइन बनवतं. ससे उठून हिंडू लागले. तोवर डोपामाइन म्हणजे नॉरअ‍ॅड्रेनॅलिन हे दुसरं रसायन बनण्याच्या वाटेवरचा एक टप्पा, एवढंच मानलं जायचं. तो स्वतंत्र निरोप्या आहे हे कार्लसन यांनी दाखवलं, आणि २००० साली त्यांना नोबेल मिळालं. त्या सशांचं चित्र पाहून मला जरा हसू आलं. कान पाडून बसलेली मी, टॉवेलसकट.

मात्र याच्यापुढे गोष्ट सरळ राहत नाही, आणि ज्या लेखांत ती सरळ असते त्यांवरचा माझा विश्वास उडालाय. २०१३ मध्ये 'नेचर' या विज्ञान-नियतकालिकात उंदरांवरचे दोन शोधनिबंध एकदमच आले. प्रकाशाने चेतापेशी चालू-बंद करण्याचं तंत्र दोन्हीकडे तेच, मध्यमेंदूतला भागही तोच. एका गटाने डोपामाइनच्या पेशी दाबल्या तेव्हा उंदीर नैराश्यासारखं वागू लागले. दुसऱ्या गटाने दांडग्या उंदरांकडून मार खाल्लेल्या उंदरांत त्याच पेशी चेतवल्या, तर तेही खचले. ताण कुठला, किती दिवसांचा, पेशी पुढे कुठल्या भागाला जोडलेल्या, यावर उत्तर उलटतं. कमी डोपामाइन म्हणजे नैराश्य, हे समीकरण पाठ करून मी डॉक्टरांपुढे मिरवलं होतं. ते मला गिळावं लागलं.

दुसरी गोळी सुरू करताना डॉक्टरांनी हेच बजावलं. ब्युप्रोपिऑन. डोपामाइन आणि नॉरअ‍ॅड्रेनॅलिन चेतापेशींत परत शोषलं जातं, त्याला ती अडवते. पण माणसाच्या मेंदूचे स्कॅन पाहिले तर डोपामाइनवरचा तिचा परिणाम माफकच दिसतो, तेव्हा नळ उघडल्यासारखं काही होईल ही अपेक्षा नको. लिहून देण्याआधी बरंच विचारलं: कधी फिट आली होती का, डोक्याला मार, खाण्याचे विकार, दारू. फिट येण्याची शक्यता मात्रेबरोबर वाढते. १९८५ मध्ये अमेरिकेत मंजुरी मिळालेलं हे औषध त्याच कारणाने लगोलग मागे घेतलं गेलं आणि १९८९ मध्ये मात्रा मर्यादित करून परत आलं. मला सकाळी एक, १५० मिलिग्रॅम. दुपारनंतर घेतली तर झोप उडते.

तोंड कोरडं पडलं, पहिले दहा दिवस बोटं किंचित थरथरायची. लाल पेनाने बारीक खुणा करणाऱ्या माणसाला ते फार जाणवतं. रक्तदाब दर भेटीला बघत. बाकी काही नाही. आनंदाचा झरा नाही, काही नाही.

त्याच आठवड्यात त्यांनी मला एका समुपदेशकांकडे पाठवलं. त्या शांतपणे ऐकून घेणाऱ्यांतल्या असतील असं वाटलं होतं. निघाल्या हिशोबनीस. तक्ता दिला. दिवसाचे तास, प्रत्येक तासात काय केलं, आणि दोन गुण, शून्य ते दहा: किती जमलं, किती आवडलं. मन लागेल तेव्हा काम करायचं, हा क्रम उलटा करायचा. आधी काम, तेही हास्यास्पद वाटेल इतकं लहान. माझं पहिलं काम होतं, न्हाणीघराच्या दारापर्यंत जायचं. आत नाही जायचं.

"नुसतं दारापर्यंत?"

"हो. आणि परत यायचं. चालेल ना?"

चालवलं.

तिसऱ्या आठवड्यात त्यांनी तक्त्याला आणखी एक रकाना जोडला, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक त्याने पाडला. काम करण्याआधीच लिहायचं, किती आवडेल असं वाटतंय. मग करून झाल्यावर खरा गुण. माझा तो कागद अजून आहे. संध्याकाळी चालणं: आधी १, नंतर ५. मैत्रिणीचा फोन: आधी ०, नंतर ६. आंघोळ: आधी १, नंतर ७. प्रकाशकांशी बोलणं: आधी २, नंतर २. (काही अंदाज बरोबरही असतात.) पानभर तेच. आवडण्याचा काटा ठीक होता, अंदाजाचा काटा बिघडलेला होता.

वुल्फ्राम शुल्ट्झ यांच्या माकडांबद्दल मी तोवर वाचलं होतं. अनपेक्षित फळांचा रस मिळाला की डोपामाइनच्या पेशी जोरात फुटतात. खूण दाखवून मग रस देत राहिलं की त्या रसाला न फुटता खुणेलाच फुटू लागतात. आणि खूण दाखवून रस दिला नाही तर त्या ऐन वेळेला गप्प होतात. अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक त्या कळवत राहतात, त्यातून पुढचा अंदाज सुधारतो. माझ्या तक्त्यातला १ आणि ७ यांमधला फरक म्हणजे तेच, असं मी समुपदेशकांना उत्साहाने सांगितलं. त्या म्हणाल्या, असेलही. उद्या आत्यांकडे जायचं लिहिलंय, त्याचा आधीचा गुण लिहिलात का?

पाचव्या-सहाव्या आठवड्यात काम पुन्हा हातात घेतलं. रोज चार पानं. मग सात. मधेच एक आठवडा असा आला की पुन्हा स्विचबोर्ड, पुन्हा चौथं बटण. त्या आठवड्याचे रकानेही भरायला लावले, शून्यच्या शून्य. गोळीने झालं, तक्त्याने झालं, की चालण्याने, की दिवस जातात तसं आपोआप? मी डॉक्टरांना विचारलं. तुमच्यापुरतं ते वेगळं काढून सांगता येणार नाही, म्हणाले. मला ते उत्तर आवडलं. गोळ्या अजून चालू आहेत. पहिलीची मात्रा निम्मी केलीय, दुसरीचं पुढच्या भेटीत बघू म्हणतात.

ताईचा रोज सकाळी आठला फोन यायचा. "उठलीस का गं?" एवढ्यासाठीच. मधल्या एका गुरुवारी आला तेव्हा मी म्हटलं, "केस ओले आहेत गं माझे, दहा मिनिटांनी करते." आणि ठेवून दिला. ताई काही बोलली नव्हती, ते तेव्हा ध्यानात आलं नाही. रात्री तक्ता भरायला घेतला तर सकाळच्या सात ते आठच्या घरात काहीच लिहिलेलं नव्हतं, आधीचा गुणही नाही आणि नंतरचाही नाही. आंघोळ कधी केली, जाण्याआधी किती वेळ बसले होते, हे आठवून पाहिलं. आठवेना. घर तसंच कोरं ठेवलं.